आमच्या घरात गवार मोडत नाहीत

आमच्या घरात गवार हातानं मोडत नाहीत. विळीवर चिरतात. सांगलीत कुठंही जा, बायका मांडीवर ताट घेऊन गप्पा मारत गवार मोडताना दिसतील, कट्‌ कट्‌ आवाज येत असतो. आमच्याकडं तो आवाज नाही. भाजलेला पापड आई स्वयंपाकघराचं दार ओढून घेऊन मोडते आणि मग बाहेर आणते. चहूकडं ऊसच ऊस, आणि आम्ही ऊस खातो तो चाकूनं बारीक तुकडे केलेला, ताटलीतनं, पाहुण्यांसारखा. मामेभावाची नवी बायको पहिल्यांदा घरी आली तेव्हा बिचारी मदत करावी म्हणून गवार घेऊन बसली. दुसऱ्याच शेंगेला आईनं तिच्या मांडीवरचं ताट उचललं. आपलं काय चुकलं, असं ती आठ दिवस नवऱ्याला विचारत होती म्हणे.

हा नियम आप्पांचा, म्हणजे माझ्या वडलांचा. नियमामागची गोष्ट मला लहानपणापासून माहीत होती. तिच्याही मागं एक गोष्ट होती, ती गेल्या वर्षी मला कळली आणि आप्पांना माहीत नव्हती. ती त्यांना सांगायची की नाही, ह्यावरून आई आणि मी पंधरा दिवस एकमेकींशी धड बोललो नाही.

आधी माझं सांगते. मला ठिसूळ हाडांचा आजार आहे, जन्मापासून. हाड मोडायला पडावं लागत नाही. शिंकताना बरगडी गेलीय, उशी ओढताना मनगट गेलंय. चाळीस वर्षांत किती हाडं मोडली, हे लोकांना फार विचारावंसं वाटतं. सत्तावीसनंतर मी मोजणं सोडलं. घरात वॉकर, बाहेर चाकाची खुर्ची. घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते. आई म्हणते, तुला देवानं ह्याच कामासाठी बसवून ठेवलंय.

मोडलेलं बरं, असं मी म्हणते तेव्हा लोक दचकतात. पण खरंच. मोडलं की प्लास्टर असतं, माणसं भेटायला येतात, केळी आणतात. खरा वैताग मधल्या दिवसांचा. काही मोडलेलं नसतं आणि तरी दुखत असतं. कंबर, डावी मांडी, उजवा खांदा. रोज. त्याला कुणी केळी आणत नाही.

आता आप्पा. ते मूळचे उंब्रजचे. तरुणपणी सांगलीत आले आणि मार्केट यार्डात एका अडत दुकानात हळद पारखायच्या कामाला लागले. पोत्यातनं एक हळकुंड काढायचं. तळहातावर त्याचं वजन बघायचं. मग दोन्ही अंगठ्यांनी मोडायचं. वाळलेली हळद खणकन मोडते, ओल राहिली असेल तर आवाज बसका येतो. मग मोडलेल्या जागेचा रंग बघायचा, वास घ्यायचा, आणि सगळ्यात शेवटी तोंड उघडायचं. ह्या क्रमात त्यांनी कधी बदल केला नाही. "मनात आधीच भाव धरून बसलं की हळद दिसत न्हाई," असं ते म्हणायचे. दिवसाला शेकडो हळकुंडं मोडायचे. संध्याकाळी घरी आले की दोन्ही अंगठे पिवळे असायचे.

मी चार वर्षांची असताना त्यांनी मला कॉटवरून उचललं. उचललं म्हणजे रोजच्यासारखंच. त्यांच्या हातात माझी मांडी मोडली. मला तो दिवस आठवत नाही, पण आई सांगते की मी रडायच्या आधी आप्पांचा चेहरा पांढरा पडला. आवाज त्यांनी ऐकला होता, आणि तो त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता. आमच्याकडं पोर पडलं की मोठी माणसं जमिनीला चापट मारतात. "जमिनीनं पाडलं व्हय माझ्या बाळाला? थांब, तिला हाणू!" मग पोर रडायचं थांबतं आणि स्वतःही जमिनीला दोन ठेवून देतं. मी तर पडलेच नव्हते. हाणायला जमीन नव्हती. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून आप्पा उजव्या हातानं स्वतःच्या डाव्या हातावर मारत राहिले, एकसारखे, शेवटी नर्सनं त्यांचा हात धरला. दुसऱ्या दिवसापासून घरात काही म्हणजे काही मोडायचं नाही, हा नियम झाला.

दीड वर्षापूर्वी माझं कंबरेचं दुखणं हाताबाहेर गेलं म्हणून एक फिजिओथेरपीवाल्या बाई घरी यायला लागल्या. व्यायाम थोडा आणि विचारपूस जास्त, अशा निघाल्या.

"दुखतं तेव्हा काय करता?"

"शिव्या देते."

"कुणाला?"

"आधी पायाला. मग स्वतःला. मग जो समोर येईल त्याला."

त्या हसल्या नाहीत. वहीत लिहून घेतलं. तिथंच माझी सटकली. मग म्हणाल्या, दुखणं घालवायच्या मागं लागू नका, रोज दहा मिनिटं नुसतं त्याच्याकडं बघा, श्वास चालू ठेवा, बास. मी म्हटलं, "बाई, मी एकोणचाळीस वर्षं बघतेय त्याच्याकडं. आता जरा त्यानं माझ्याकडं बघावं."

"बघता, की तोंड फिरवून बसता?"

मला भयंकर राग आला. आणि राग आला की मी हट्टानं ते काम करून दाखवते, ही माझी वाईट खोड आहे.

पहिले चार दिवस काही दिसलं नाही. दुखत होतं, एवढंच दिसलं. दहा मिनिटांत मी सात वेळा घड्याळ बघितलं. पाचव्या दिवशी वैतागून आप्पांचा क्रम लावला. आधी वजन. मग आवाज. मग रंग. तोपर्यंत तोंड उघडायचं नाही.

मांडीतलं दुखणं जड होतं, पण सगळीकडं सारखं जड नव्हतं. गुडघ्याच्या वर चार बोटांवर एक जागा होती, तिथं ते सुरू व्हायचं आणि वर जाता जाता पातळ व्हायचं. आवाज ठणक्याचा होता, पण सलग नव्हता. ठण, ठण, आणि मग मधे काहीच नाही. काहीच नाही! मी डोळे उघडले. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की दिवसभर दुखतं, आणि त्यात अशा मोकळ्या जागा होत्या, मला पत्ताच नव्हता. मोजायला गेले तर त्या पळाल्या. नुसती बसून राहिले तर परत आल्या.

मग मला नादच लागला. मांडी दुखायला लागली की आपण दात आवळतो, हे एका सकाळी सापडलं. दात आवळले की उजवा खांदा कानाशी जाऊन बसतो, हे दुसऱ्या दिवशी. म्हणजे खांद्याला काही झालेलंच नव्हतं. तो बिचारा मांडीची राखण करत होता, सुट्टी न मिळालेल्या जवानासारखा, वर्षानुवर्षं. त्याला म्हटलं, बाबा रे, बस खाली. बसला. पाच मिनिटांनी परत उभा राहिला. पण पाच मिनिटं बसला होता, हे मी स्वतः बघितलं.

दुखणं गेलं का? छे. खोटं कशाला सांगू. फक्त सकाळी जाग आली की "परत आलं मेलं" असं म्हणायच्या ऐवजी "आज कसं आलंय बघू" असं तोंडात यायला लागलं. आई म्हणायची, हिचं काहीतरी बिनसलंय, दुखण्याशी गप्पा मारते.

दुसरा धडा मात्र मला जमेना. छातीवर हात ठेवायचा आणि असंच दुखत असलेल्या दुसऱ्या माणसाला जे म्हणाल ते स्वतःला म्हणायचं. मोठ्यानं. मी हात ठेवला. "तू एकटी नाहीस" असं म्हणायला गेले आणि मलाच हसू फुटलं. मालिकेतला संवाद वाटला. मुद्रितात सापडला असता तर मी खोडून टाकला असता. बाई म्हणाल्या, तुमच्या शब्दांत म्हणा. मी म्हटलं, माझ्या शब्दांत शिव्याच येतात. तेव्हा त्यांनी विचारलं, लहानपणी कुणी पडलं तर तुमच्या घरी काय म्हणायचे? मी त्यांना जमिनीला हाणायची पद्धत सांगितली, आणि सांगता सांगता दवाखान्यातल्या बाकड्याचंही सांगून बसले.

"आणि तुम्ही कुणाला हाणता?" त्यांनी विचारलं.

उत्तर दोघींनाही माहीत होतं. हाड माझं, दुखतं मला, आणि बोल लावायला जवळ दुसरं कुणी नाही, म्हणून मी मलाच धरून हाणत होते. कामाची नाहीस, ओझं आहेस, आईच्या म्हातारपणाचं वाटोळं केलंस. रोज. मग आम्ही दोघींनी मिळून एक वाक्य ठरवलं. इथं कुणाला हाणायचं नाही. वाक्य मला आवडलं. खोडण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण तोंडातनं बाहेर पडेना. आठ महिने मी छातीवर हात ठेवून नुसते ओठ हलवत होते. आवाज म्हणून फुटला नाही.

त्याच सुमारास मिरजेला एका नव्या डॉक्टरबाईंकडं गेलो, आई आणि मी. त्यांनी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली. माझ्या डोळ्यांचा पांढरा भाग निळसर आहे. ह्या आजारात असतो तसा. त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाचे डोळे असे आहेत?"

आईनं सवयीनं सांगितलं, "नाही हो, घरात हा आजार कुणालाच नाही." माझ्या पहिल्या फाइलपासून तेच लिहिलंय. पण मी आईचा हात धरला. कारण लग्नाकार्यात भेटणारी प्रत्येक म्हातारी माझी हनुवटी धरून म्हणते, "बापाचे डोळे घेतलेत गं पोरीनं." आम्हाला त्याचा अभिमान होता.

"वडलांना ऐकू कमी येतं का?"

येतं कमी. पन्नाशीपासून. सगळे म्हणायचे, मार्केटातल्या गोंगाटानं कान गेले. त्यापायीच काम सुटलं. चार वर्षांपूर्वी ओली हळद त्यांनी वाळलेली म्हणून पास केली. हळकुंड मोडल्याचा आवाजच त्यांना आला नव्हता. दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले नाहीत, आणि नंतरही कधी गेले नाहीत.

"लहानपणी त्यांचं हाड मोडलं होतं?"

तीनदा. बैलगाडीवरून, झाडावरून, आणि एकदा नुसतं भावाशी झोंबताना. तिन्ही वेळा पाटणकडच्या हाडवैद्याकडं नेऊन बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या. आप्पा हे मोठ्या तोऱ्यात सांगतात. "मी लय वांड होतो!" वांड पोराचं हाड मोडणारच, त्यात आजार कसला शोधायचा? बाजारातल्या माणसाचे कान जाणारच. आणि पोरीनं बापाचे डोळे घेतले तर कौतुकच करायचं. आम्ही सगळं बघितलं होतं आणि प्रत्येक गोष्टीला घरचं कारण लावून ठेवलं होतं.

डॉक्टर म्हणाल्या, त्यांच्यात सौम्य आहे, तुमच्यात जास्त उतरलं, एकाच घरात असं होतं. त्यांना घेऊन या. कानांवर उपाय होऊ शकतो, हाडंही तपासून घेऊ, ह्या वयात पडले तर अवघड होईल.

परत येताना रिक्षात आई म्हणाली, "आप्पांना सांगायचं नाही."

"अगं, त्यांचे कान बरे होतील."

"राहू देत बहिरे. एका मांडीपायी त्या माणसानं पस्तीस वर्षं शेंग मोडली नाही. तुझी सगळीच हाडं त्यांच्या नावावर घातलीस तर जगतील का ते?"

मी भांडले. मग दोघी गप्प.

पंधरा दिवस ती गोष्ट मी पोटात ठेवली. पोटात म्हणतात खरं, पण बघितलं तर ती जबड्यात होती. आणि बरगड्यांच्या खाली, मधोमध. सकाळी आप्पा गच्चीवर जायला लोखंडी शिडी चढायचे, माझा श्वास अडकायचा, ते खाली उतरले की सुटायचा. सोळाव्या दिवशी उतरताना त्यांचा पाय एक पायरी चुकला. काही झालं नाही. त्यांनी शिडी धरली आणि हसले. पण मी ठरवलं. मी सांगितलं तर ते खचतील, आणि नाही सांगितलं तर एक दिवस मोडतील. मोडलेलं कसं दुखतं ते मला माहीत आहे.

आप्पा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्याजवळ अजून एक कापडी पिशवी असते, नमुन्याची हळकुंडं भरलेली. एकेक काढतात, वजन बघतात, वास घेतात आणि परत ठेवतात. मोडत नाहीत. मी वॉकर टेकवून शेजारी बसले आणि त्यांच्या बऱ्या कानाशी हळूच सांगायला लागले.

"आं?" आप्पा म्हणाले.

असली गोष्ट ओरडून सांगायची वेळ कुणावर येऊ नये. "आप्पा, माझा आजार तुमच्याकडनं आलाय! तुमची हाडं पण तशीच आहेत! कान त्यानंच गेले!" अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं असणार.

ते बराच वेळ माझ्या डोळ्यांकडं बघत राहिले. "म्हंजे माझी बी हाडं तसलीच?"

"थोडी!"

"मग तुझीच का गं एवढी?"

"तसं काही ठरवून येत नाही, आप्पा!"

त्यांनी हातातलं हळकुंड पिशवीत ठेवलं. डावा हात गुडघ्यावर ठेवला आणि बघत राहिले त्याच्याकडं. मग उजवा हात वर उठला. दवाखान्यातल्या बाकड्यावरचा तो हात मी कधी बघितला नव्हता, पण ओळखला. मी त्यांचं मनगट पकडलं. मी! जी पाण्याचा तांब्या दोन हातांनी धरते.

"इथं कुणाला हाणायचं नाही!"

"आं?"

"इथं कुणाला हाणायचं नाही, आप्पा!"

भिंतीपलीकडनं शेजारच्या काकूंनी डोकं वर काढलं. "काय झालं वो?"

"काही नाही काकू, आमचं आमचं चाललंय!" आणि परत, घशाच्या शिरा ताणून, "कुणाला म्हणजे कुणाला हाणायचं नाही! तुम्हाला नाही! मला नाही!"

शेवटचे दोन शब्द ठरवून आले नव्हते. आठ महिने ओठांतच अडकलेलं वाक्य मी गल्लीला ऐकवलं होतं आणि ते मलाही ऐकू आलं. मी रडायला लागले. चांगली हुंदके देऊन रडले.

"कळलं की," आप्पा म्हणाले. "बहिरा हाय, येडा न्हाई." त्यांचेही डोळे वाहत होते. हात मात्र त्यांनी सोडवून घेतला नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "मला बी दुखतं."

"काय?"

"कोपर. मोडलं हुतं त्येच. लय वर्सं झाली. तुझं एवढं दुखताना आपलं काय सांगायचं?"

"कसं दुखतं?"

त्यांना ह्या प्रश्नाचं नवल वाटलं. मग त्यांनी हळद बघताना करतात तशी मान जरा तिरकी केली. "थांब, बघतो." डोळे मिटले. मीही माझी मांडी बघत बसले. आमच्या घरात दोन माणसं एकाच वेळी उघडपणे दुखत बसलीत, असं पहिल्यांदाच होत होतं. आप्पांनी एकदम डोळे उघडले.

"मधी मधी थांबतं की गं हे!"

त्यांच्या तोंडावर काय आनंद होता, काय सांगू! मी जोरजोरात मान हलवली. त्यांनी पिशवीत हात घातला, एक हळकुंड काढलं, तळहातावर तोललं. मग माझ्याकडं बघितलं. मी हो म्हटलं. त्यांनी ते मोडलं. माझे दात आवळले गेले, मांडी ताठ झाली, खांदा उभा राहिला. सगळं मला दिसलं. मग हळूहळू सुटलं.

"कसं वाजलं?" त्यांनी विचारलं.

"खणखणीत!"

आई आतनं पिठाच्या हातांनी धावत आली. "काय मोडलं? काय मोडलं?"

"हळद," आप्पा म्हणाले आणि दोन्ही तुकडे तिला दाखवले.

आई दारातच उभी राहिली. तिनंही सगळं ऐकलं असणार, गल्लीनं ऐकलं तर तिनं का नाही. आता ती मला बोलेल असं वाटलं. ती आत गेली. हात धुऊन, गवारीचं ताट घेऊन बाहेर आली आणि आमच्या दोघांच्या मधे खाली बसली. विळी आणली नव्हती. ताट तिनं माझ्याकडं सरकवलं.

पहिली शेंग मी मोडली. दुसरी आईनं. मग आप्पांनीही हात घातला. प्रत्येक शेंगेला ते माझ्याकडं बघायचे आणि मी मान हलवून सांगायचे, वाजली.